ताऱ्याच्या प्रकाशातून ग्रह वेगळा काढताना

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, म्हणजे बाह्यग्रहांची, संख्या आता ६००० च्या पुढे गेली आहे. त्यांपैकी थेट प्रतिमेतून सापडलेले ग्रह मात्र शंभराच्या आत आहेत. बाकीच्या बहुतेकांचा पत्ता ताऱ्याच्या डगमगण्यावरून किंवा त्याच्या प्रकाशात पडणाऱ्या किंचित घटीवरून लागला. ग्रहाची प्रतिमा घेणे इतके अवघड का, आणि त्यासाठी जमिनीवरच्या जुन्या दुर्बिणींची उपकरणे पुन्हा पुन्हा का सुधारावी लागतात, याविषयी बरेच गैरसमज आहेत. ते दूर केले की दिसते, या शोधात आरशाइतकेच महत्त्व आरशामागे बसवलेल्या यंत्रणेला आहे.

गैरसमज १: बातम्यांत दिसणारी बाह्यग्रहांची रंगीत चित्रे म्हणजे दुर्बिणीने काढलेले फोटो.

वस्तुस्थिती: ढगांचे पट्टे, समुद्र आणि डोंगर दाखवणारी ती चित्रे कलाकारांनी काढलेली असतात. खऱ्या प्रतिमेत ग्रह हा एक ठिपका असतो. २००८ मध्ये हवाईतल्या केक आणि जेमिनी नॉर्थ दुर्बिणींनी एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह टिपले, तेही ठिपकेच होते. पण त्या ठिपक्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की ग्रहाच्या वातावरणातले वायू आणि तापमान कळते. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या क्रायर्स या वर्णपटमापकाने बीटा पिक्टोरिस बी या ग्रहाचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर भरला. ६३ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाचा दिवस जेमतेम आठ तासांचा आहे, हे २०१४ मध्ये समजले.

गैरसमज २: आरसा मोठा केला की ग्रह आपोआप दिसेल.

वस्तुस्थिती: मोठा आरसा ग्रहाचा प्रकाश जास्त गोळा करतो, तसा ताऱ्याचाही करतो. त्याने बारकावे अधिक स्पष्ट होतात, पण ताऱ्याचे तेज हटत नाही. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे १००० कोटी पट तेजस्वी आहे. नुकतेच जन्मलेले महाकाय ग्रह अजून तापलेले असतात, त्यामुळे इन्फ्रारेड प्रकाशात ही तफावत दहा हजार ते दहा लाख पटींपर्यंत खाली येते. आजवर ज्यांच्या प्रतिमा मिळाल्या ते ग्रह मुख्यतः असेच तरुण, महाकाय आणि ताऱ्यापासून दूर आहेत. ताऱ्याचा प्रकाश अडवण्यासाठी कोरोनाग्राफ वापरतात. सूर्याची प्रभा ग्रहणाशिवाय पाहता यावी म्हणून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास तो तयार केला होता.

गैरसमज ३: वातावरण आड येते, म्हणून हे काम फक्त अवकाश दुर्बिणींचे.

वस्तुस्थिती: तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचे दृश्य जसे लवलवते, तसा ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना विस्कटतो, हे खरे. त्यावरचा उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच सुचवला होता: हवेने केलेली मोडतोड मोजायची आणि एका लवचीक आरशाचा आकार बदलून ती भरून काढायची. हेच अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. चिलीतल्या जेमिनी साउथवर २०१३ मध्ये बसवलेल्या जेमिनी प्लॅनेट इमेजर या उपकरणात अशा एका आरशामागे ४०९६ सूक्ष्म चालक होते आणि आरशाचा आकार सेकंदाला सुमारे हजार वेळा दुरुस्त होत असे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये पहिल्यांदा थेट टिपलेला बाह्यग्रह, एचआयपी ६५४२६ बी, त्याआधी २०१७ मध्ये जमिनीवरच्याच स्फिअर या उपकरणाने शोधला होता. शिवाय वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन उपकरण बदलता येत नाही. जमिनीवर ते उतरवून, सुधारून पुन्हा चढवता येते.

गैरसमज ४: सुधारणा म्हणजे जुना कॅमेरा काढून नवा लावणे.

वस्तुस्थिती: जेमिनी प्लॅनेट इमेजरने ५१ एरिडानी बी हा मिथेनयुक्त वातावरणाचा तरुण ग्रह शोधला. पण त्याच्या पाहणीतल्या पहिल्या ३०० ताऱ्यांभोवती एकूण सहाच ग्रह दिसले, आणि त्यांत नवा हा एकच. ताऱ्यापासून दूरवर महाकाय ग्रह विरळ असतात, असा त्याचा अर्थ. म्हणजे आता ताऱ्याच्या अधिक जवळ आणि अधिक मंद ताऱ्यांभोवती पाहायला हवे. त्यासाठी हे उपकरण अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात नेण्यात आले. हवेतली मोडतोड मोजणारा संवेदक बदलून तिथे पिरॅमिड पद्धतीचा, मंद प्रकाशातही काम करणारा संवेदक घेतला गेला. जोडीला वेगवान संगणक आणि सुधारित कोरोनाग्राफ आले. हे सुधारलेले उपकरण जेमिनी नॉर्थवर बसवून उत्तरेचे आकाश पाहण्याची योजना आहे. क्रायर्सही असाच उतरवून सुधारला गेला. आता तो एका वेळी वर्णपटाचा दहा पटींपर्यंत मोठा भाग टिपतो. दोन्ही ठिकाणी मुख्य आरसा जुनाच राहिला.

गैरसमज ५: छोट्या दुर्बिणींना यात काही काम नाही.

वस्तुस्थिती: पुण्याच्या आयुका संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही लेझरवर चालणारी स्वयंचलित अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स यंत्रणा उभारली आणि ती पालोमार इथल्या अवघ्या १.५ मीटरच्या दुर्बिणीवर बसवली. केप्लर यानाने ज्यांच्याभोवती संभाव्य ग्रह शोधले होते, अशा ७१५ ताऱ्यांची तिने पाहणी केली. ताऱ्याला खेटून दुसरा तारा असेल, तर त्याचा प्रकाश मिसळून ग्रह प्रत्यक्षापेक्षा लहान भासतो. अशा जोड्या हुडकल्याशिवाय ग्रहांच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही. ती तपासणी छोट्या दुर्बिणीने झपाट्याने केली.

गैरसमज ६: आता लवकरच दुसऱ्या पृथ्वीचा फोटो येईल.

वस्तुस्थिती: सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची पृथ्वी आजच्या जमिनीवरच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर आहे. जवळच्या मंद, तांबड्या ताऱ्यांभोवती तेजाची तफावत बरीच कमी असते. तिथे आशा आहे. चिलीत उभारल्या जात असलेल्या ३९ मीटरच्या एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोपचा एक आरसा पाच हजारांहून अधिक चालकांनी आकार बदलणार आहे. पण एवढी मोठी यंत्रणा चालवण्याचे तंत्र आजच्या ८ मीटरच्या दुर्बिणींवरच पारखले जाते. मंद ताऱ्यावर कोणता संवेदक टिकतो, कोणता कोरोनाग्राफ ताऱ्याच्या किती जवळ पाहू देतो, हे तिथेच कळते. म्हणून जुन्या दुर्बिणीवर नवे उपकरण बसल्याची बातमी दुय्यम मानू नये. दुसरी पृथ्वी जेव्हा केव्हा दिसेल, तेव्हा तिच्यापर्यंतची वाट अशाच सुधारणांनी बांधलेली असेल.