चार कोपऱ्यांची फुलं

सकाळी ६:३०
उत्तर कन्नडमधल्या हल्याळ तालुक्यातली सिद्दी वस्ती. कालच सारवलेल्या ओसरीवर अक्कानं कवंदी, म्हणजे गोधडी, पसरलीय. खाली अस्तराला जुनी साडी, वर चिंध्या. तीन आठवडे चाललंय, आज संपवायची. हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं. पावसात घर ओलं, अंग गारठतं, तेव्हा हीच अंगावर.

८:००
चहा. उसाच्या फडात गेली असती तर ३०० रुपये मिळाले असते, आज खाडा. कापड घरचंच: पोरांचे शर्ट, नवऱ्याची लुंगी. दोरा मात्र विकतचा. रीळ १० रुपयांना, आणि या कवंदीनं ११ रिळं खाल्ली.

१०:००
शिवण कोपऱ्यातून निघते. कडेकडेनं चारी बाजू फिरायच्या, मग आतली फेरी, मग त्याच्या आतली. शेवट मधोमध. पट्टी नाही, खडूची रेघ नाही. चिंधीची कड बोटानं दुमडायची, नख ओढायचं, टाका. धावदोऱ्याच्या ओळी एकीला एक लागून. बोटाला फडकं गुंडाळलंय, तरी सुई लागतेच.

अक्काची बोली कोकणीच्या वळणाची, मला सहज कळते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं निसटून या घाटातल्या रानांत शिरली. अक्का त्यांच्याच वंशातली. ख्रिस्ती सिद्दी घरांतल्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरांत चंद्रकोर.

दुपारी १:३०
हातात पिवळी नायलॉनची पट्टी, तिच्यावर छापील गुलाब.
"ही फुलं छान आहेत, अक्का."
"ही? ही चिंधी."

४:४५
शेवटचा टाका मधोमध पडला. मला वाटलं, झालं. अक्कानं लाल कापडाचे चौकोन काढले. दुमड, परत दुमड, तिकोन. एका कोपऱ्यात बसवला. पाकळी नाही, देठ नाही.
"हे फूल."
त्यानं ऊब वाढत नाही, शिवणही पक्की होत नाही. चांगला तासभर मात्र जातो.
"नाही लावलं तर?"
"मग कवंदी नागडी. अशी कोण अंथरेल?"

५:४०
चौथ्या फुलाला लाल कापड पुरेना. पत्र्याची पेटी उपसली. तळाशी नातीच्या फ्रॉकची झालर सापडली, लाल नाही, किरमिजी. अक्कानं ती उजेडाला धरली, पहिल्या फुलाशेजारी ठेवून पाहिली आणि दुमडायला घेतली.

६:२०
दारातला उजेड संपत आला. तिनं दोरा दातानं तोडला. चारही कोपरे एकेक करून ओढून पाहिले. मग सुई दाराच्या चौकटीवरच्या फडक्यात खोचून ठेवली.