योगानं दुःख जातं का?

२१ जून म्हणजे वाशिम जिल्ह्यात ऐन पेरणीचे दिवस. मृग सरून आर्द्रा लागत असतं. कुणाचं सोयाबीन पेरून झालेलं, कुणी अजून आभाळाकडे डोळे लावून बसलेला. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून याच तारखेला योग दिन होऊ लागला. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या जातात, तासाभरात गुंडाळल्याही जातात. बियाण्याच्या उधारीनं ज्याची झोप उडाली आहे, तो सहसा तिथं नसतो. योगाविषयीच्या गैरसमजांचा फटका मात्र त्यालाच सगळ्यात जास्त बसतो.

‘योग म्हणजे भावनांना लगाम; रडायचं नाही, रागवायचं नाही’ हा त्यातला सगळ्यात जुना. याच जिल्ह्यातलं कारंजा हे दत्तसंप्रदायातले संन्यासी नृसिंह सरस्वती यांचं जन्मस्थान. त्यामुळे आपल्याकडे योगी म्हटलं की विरक्त संन्यासीच डोळ्यांपुढं उभा राहतो. पण योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी दुःख नाकारलेलं नाही. चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं हे सांगताना त्यांनी दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची ओढाताण यांची नावं एकाच दमात घेतली आहेत. उपाय सांगतानाही ते भावनांकडेच वळले : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं पाहून आनंद, वाईटाकडे दुर्लक्ष. त्यांच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनांच्या वाट्याला जेमतेम तीन आली आहेत.

‘दिवसभर शेतात वाकतो, आम्हाला कशाला पाहिजे योग?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसून उडवून लावणं चूक आहे. सोंगणीच्या दिवसांत विळा घेऊन ओणवं राहिलेल्या बाईच्या अंगाला व्यायाम कमी पडत नाही. पण त्या श्रमात श्वासाकडे लक्ष नसतं. डोक्यात हिशेब चाललेला असतो, दात आवळलेले असतात. रात्री खाटेवर उताणं पडावं, गुडघे वाकवावेत, तळहात बेंबीवर ठेवावा. मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात; एरवी शांत बसलेला मोठा माणूस बारा ते वीस घेतो. सुरुवातीला पोट ताठच राहतं, हात वर उचललाच जात नाही. हळूहळू तो उचलला जाऊ लागतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून बाहेर जाणारा श्वास लांबवायचा. याच सुमारास कधी कधी छाती भरून येते. तो कढ दाबू नये, त्याची कारणंही शोधत बसू नये. घसा दाटलाय, डोळे जळताहेत, एवढं जाणवू द्यावं. भावना अंगात कशी येते, चढते आणि ओसरते हे न घाबरता पाहता येणं, हेच योगाचं मनासाठीचं खरं काम आहे.

यावरून एक नवा गैरसमज मात्र पसरला आहे : ‘जुनं दुःख कंबरेत साठतं, अमुक आसन केलं की बाहेर पडतं.’ शवासनात रडू येतं हे खरं आहे. पण दुःख एखाद्या सांध्यात साठतं याला शास्त्रीय पुरावा नाही. अंग सैल झालं, कामाची घाई थांबली की दिवसभर मागं सारलेलं वर येतं, हे कारण मला अधिक पटतं. रडू आलं नाही म्हणून काही बिघडलेलं नसतं.

राग आदळआपट करून निघतो, हाही समज तपासला गेला आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या श्वसन, ध्यान, योग अशा गोष्टींनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत झाला नाही.

सगळ्यात घातक समज ‘योग सुरू केला, आता गोळ्या बंद’ हा. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी जुन्या मानसिक आघातानं ग्रासलेल्या, उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्यांपैकी ५२ टक्के आघातानंतरच्या त्या आजाराच्या निकषांतून बाहेर पडल्या, योग न करणाऱ्या दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. आकडा आशादायक आहे, पण तिथं योग उपचारांच्या जोडीला होता, आणि जवळपास निम्म्या स्त्रियांचा आजार उरलाच होता. डोळे मिटताच जुना प्रसंग अंगावर येत असेल तर डोळे उघडावेत, उठून चार पावलं चालावं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, पोटात बाळ असेल, तर कपालभाती आणि भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

योगानं कर्ज फिटत नाही, पडलेला भाव वर येत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशिम होता. त्या ताणाला मनाची कमजोरी म्हणणं आणि त्यावर नुसता प्राणायाम सुचवणं, दोन्ही अन्यायाचं आहे. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर जिल्हा रुग्णालय गाठावं, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत, सेवा चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.