रसाच्या पाकिटासारखे मद्य : वयाची अट पाकिटापाशी का अडते?

नवी दिल्ली : टेट्रा पॅकमधील मद्य फळांच्या रसाच्या पाकिटासारखे दिसते, ते मुलांनी शाळेत नेले तर पालकांच्याही लक्षात येणार नाही, अशी चिंता सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यक्त केली. दोन मद्यउत्पादक कंपन्यांमधील व्यापारचिन्हाच्या वादावर सुनावणी सुरू असताना अशी पाकिटे न्यायालयासमोर आली होती. न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती जयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने अशा विक्रीला परवानगी कशी मिळते, असा सवाल केला.

मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने किमान वय सर्वत्र सारखे नाही. गोव्यात ते १८, उत्तर प्रदेशात २१, केरळमध्ये २३, तर दिल्लीत २५ वर्षे आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार, वैद्यकीय कारणाशिवाय बालकाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र या तरतुदींची अंमलबजावणी प्रामुख्याने विक्रीच्या ठिकाणी होते आणि तेथेच ती अनेकदा ढिली पडते. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोघांचा बळी घेतल्यानंतर, त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारशी संबंधितांना अटक झाली होती. दुकानातील तपासणी चुकली, तर उरते ती घरातील आणि शाळेतील नजर. काचेची बाटली चटकन ओळखू येते. दप्तरातील कागदी पाकीट मात्र संशय निर्माण करीत नाही. ९० मिलिलिटरच्या लहान पाकिटाची कमी किंमतही किशोरांच्या आवाक्यात येते.

टेट्रा पॅकच्या बाजूनेही युक्तिवाद आहेत. ते फुटत नाही, वाहतुकीस हलके असते आणि त्यात भेसळ करणे कठीण जाते. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये या पर्यायाचा विचार केला, तेव्हा हीच कारणे पुढे आली होती.

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापणे बंधनकारक आहे. मद्यासाठी २०१९ पासून केवळ शब्दांतील इशारा सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये मद्यउद्योगाच्या आचारसंहितेनुसार १८ वर्षांखालील मुलांना विशेष आकर्षित करील असे आवेष्टन निषिद्ध मानले जाते. भारतात मद्य कोणी विकत घ्यावे, हे कायदा सांगतो. ते मद्य म्हणून ओळखू यावे, याचीही हमी नियमांनी द्यावी का, हा प्रश्न आता राज्यांपुढे आहे.