खोबणीतली गाठ

जत किंवा दहिवडीकडच्या एखाद्या घरात बाळाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही, लालीही नाही. रांजणवाडी समजून शेक दिला जातो आणि वर्ष निघून जातं.

बहुतेकदा ही डर्मॉइड सिस्ट असते. गर्भात कवटीची हाडं जुळताना त्वचेचा कण सांध्यात अडकतो आणि तिथेही त्वचेचंच काम करत राहतो: तेल, केस, मृत पेशी. त्यातून पिशवी सावकाश भरते. हा कर्करोग नव्हे. पण ती फुटली तर आतला ऐवज भोवती पसरून तीव्र दाह होतो, म्हणून ती अख्खीच काढावी लागते. दाबून किंवा सुई टोचून पाहण्याचा मोह कुणीही करू नये. वरवरच्या गाठीला पापणीच्या घडीतला छोटा छेद पुरतो. खोलवरच्या डर्मॉइडसाठी झुरिचचे शल्यविशारद क्रोनलाइन यांनी १८८८ मध्ये डोळ्याच्या खोबणीचं बाहेरचं हाड उचलून आत शिरण्याची पद्धत मांडली. तिच्या सुधारित रूपात शस्त्रक्रिया आजही होतात.

सात हाडांच्या या खोबणीत जेमतेम ३० मिलिलिटर जागा असते. नेत्रगोल, स्नायू, चरबी, दृष्टीची नस, सगळं तिथेच. साधी गाठही वाढली की डोळा पुढे सरकतो. नेमका कुठे सरकला, यावरून गाठीचा ठाव लागतो: बरोबर मागे असेल तर सरळ पुढे, वरच्या अश्रुग्रंथीत असेल तर खाली आणि नाकाकडे. डॉक्टर रुग्णाच्या मागे उभं राहून कपाळावरून खाली पाहतात, जुने फोटो मागतात. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसतो का, हा प्रश्न नसेवरच्या दाबासाठी असतो. मग हाडासाठी सीटी, नसेसाठी एमआरआय.

प्रत्येक गाठीला सुरी लागत नाही, हे पालकांना ठामपणे सांगायला हवं. स्नायूत बसलेली फीतकृमीची अळी आपल्या देशात आढळते. ती बहुधा देखरेखीखाली गोळ्यांनीच जाते. तान्ह्या बाळाची रक्तवाहिन्यांची लाल गाठ पहिले काही महिने वाढते, मग वर्षानुवर्षं ओसरते. मात्र ती पापणी झाकत असेल किंवा बुबुळावर दाबत असेल, तर थांबायचं नाही. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदूला त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र मिळालं नाही, तर नजर पुढे घडत नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं की हृदयासाठीच्या प्रोप्रॅनोलॉलने अशी गाठ आक्रसते. आज पहिला उपचार तोच, पण नाडी आणि साखरेवर लक्ष ठेवून.

काही दिवसांत, आठवड्यांत डोळा झपाट्याने बाहेर आला, तर कर्करोगाची शक्यता तातडीने तपासावी लागते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. भुवईची गाठ त्यांना आवर्जून दाखवावी. पुढे मिरजेचं १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय जवळ आहेत. गाठ गेल्यावरही डोळा आळशी राहिला असेल, म्हणजे त्याची नजर नीट घडली नसेल, तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते, कित्येक महिने. मूल ती ओढून काढतं, वर्गात इतर मुलं चिडवतात. म्हणून वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं.