तेरड्याचं अधीर बोंड

मुलांनो, पावसाळ्यात तेरड्याचं पिकलेलं बोंड कधी चिमटीत धरून पाहिलंय? बोट लागायचा अवकाश, ते टच्चकन फुटतं, साल गुंडाळली जाते आणि बिया चहूकडे उडतात! कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात तेरडा नोंदवला, तो 'इम्पेशिएन्स बाल्समिना' या नावाने. लॅटिनमध्ये 'इम्पेशिएन्स' म्हणजे अधीर. ज्याला जराही दम धरवत नाही असा!

इंग्रजीतलं 'इम्पेशंट' हे विशेषण याच घरातलं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ सोसणे. सोसतो तो 'पेशंट'. म्हणून दवाखान्यातला रोगीही पेशंट आणि धीर धरणारा माणूसही पेशंट. ज्याला सोसवत नाही, तो इम्पेशंट. काही जण 'अनपेशंट' लिहून मोकळे होतात. तसं लिहू नका हं! 'पॉसिबल'चं 'इम्पॉसिबल' आणि 'पोलाइट'चं 'इम्पोलाइट' होतं, तसंच हे.

आता गंमत बघा. या शब्दामागे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, त्यावर अर्थाचा रंग बदलतो. 'इम्पेशंट फॉर द रिझल्ट' म्हणजे निकालाची वाट पाहून जीव टांगणीला लागलेला. 'इम्पेशंट टु गो होम' म्हणजे घरी जायला उतावीळ. या दोन्हींत फारसं वाईट काही नाही. सुट्टीची घंटा व्हायच्या आधी दप्तर कोण भरत नाही? पण 'इम्पेशंट विथ' आलं, की पुढे बहुधा एखादं माणूस येतं. 'ही इज इम्पेशंट विथ हिज सिस्टर' म्हणजे तो बहिणीवर वैतागतो, तिच्यासाठी थांबायची त्याची तयारी नाही.

हा 'विथ' मला आजोबांनी शिकवला. मोठ्या आजारातून उठल्यावर ते बोलताना अडखळायचे. एकेक शब्द शोधत बसायचे. मला खेळायला जायची घाई! मग त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायचो. एके दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश म्हणाले, "अरे... मला... शोधू दे की!" मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्यांना शब्द सापडला. तो होता 'पतंग'. त्यांना मला पतंग करून द्यायचा होता, आणि मी मात्र भलताच शब्द त्यांच्या तोंडी घालत होतो!

तेव्हा दोस्तांनो, तेरड्याने अधीर असावं. त्याच्या बिया त्यामुळेच दूर जाऊन रुजतात. निकालासाठी, सहलीसाठी तुम्हीही खुशाल अधीर व्हा. पण घरात कुणी हळू चालत असेल, हळू वाचत असेल, शब्द शोधत असेल, तर तो 'विथ' आठवा आणि घटकाभर थांबा.

आणि हो, या आठवड्यात 'फॉर', 'टु' आणि 'विथ' घालून 'इम्पेशंट'ची तीन वाक्यं वहीत लिहा. आई-बाबांनाही लिहायला सांगा. त्यांचं 'विथ'चं वाक्य मात्र जरूर वाचा. कदाचित ते तुमच्यावरच असेल!