अंगावर काटा आलेला मासा

पहिला पाऊस जोरात झाला की पेण तालुक्यात वलगणीच्या माशांची गोष्ट निघतेच. ओढ्याचं पाणी खाचरांत शिरतं, मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात आणि जितेसारख्या गावात माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बांधावर उतरतात. आज ज्या माशाबद्दल लिहायचं आहे, त्याला त्यांच्या टोपलीत कुणी जागा देणार नाही. तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब, अंगावर शेपटीपर्यंत गेलेले निळे पट्टे. पण तोही भातखाचराचाच जीव. भारत, बांगलादेश आणि नेपाळमधले संथ ओढे, डबकी आणि भाताची शेतं हे त्याचं मूळ घर. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर पुस्तक काढलं, त्यात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. ‘डॅनिओ’ हे त्याचं नाव भातशेताशी नातं सांगणाऱ्या बंगाली शब्दावरून आलं असं मानतात. मत्स्यालयाच्या दुकानात मागायचा तर ‘झेब्रा’ म्हणून मागावा.

हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आहे. एखाद्या घरात एकामागून एक बाळं दगावतात आणि कारण सापडत नाही, तेव्हा ते कारण शोधायच्या कामी हा मासा येतो.

कारण शोधणं म्हणजे काय, हे जित्याच्या माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही. जित्याहून पेणकडे निघालं की हमरापूर, जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं लागतात. तिथल्या कुणालाही विचारा, मूर्ती साच्यातून निघते. साच्यात चरा पडला, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर तो उमटतो. चरा पाठीमागे असेल तर घासून जातो, सोंडेवर असेल तर मूर्ती वाया. आपल्या पेशींमध्येही असे साचे आहेत, त्यांना जनुक म्हणतात. जनुकावरून पेशी एखादं प्रथिन बनवते. बहुतेक साचे आपल्याजवळ दोन-दोन असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. एकाला चरा असला तरी बऱ्याचदा दुसऱ्यावर काम निभावतं. दोन्हींना असला की आजार दिसतो. आईवडील दोघेही धडधाकट, पण दोघांजवळही एकेक बिघडलेला साचा असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेले साचे मिळण्याची शक्यता चारात एक असते. आतेभावंड-मामेभावंडांत लग्न झालेलं असेल, तर दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेला तोच साचा असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

आता एका आजाराबद्दल. मायक्रोव्हिलस इन्क्लूजन डिसीज असं त्याचं नाव. बाळ जन्माला येतं आणि बहुधा पहिल्या काही दिवसांतच त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. अंगावरचं दूध बंद केलं तरी ते थांबत नाहीत. आतड्याच्या आतल्या पेशींवर ब्रशच्या केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. अन्नरस शोषून घेण्याचं काम त्यांचं. या बाळांमध्ये ते तंतू खुरटलेले असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर असायला हवेत ते तंतू पेशीच्या पोटातच, एखाद्या पिशवीत अडकल्यासारखे दिसतात. बाळाला शिरेतून पोषण द्यावं लागतं, तेही रोज, आणि काहींना आतड्याचं प्रत्यारोपण. हा आजार वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा १९७८ साली आला. त्यामागचा जनुक सापडायला तीस वर्षं लागली. २००८ साली ‘मायोसिन फाइव्ह बी’ या प्रथिनाच्या साच्यात दोष असल्याचं कळलं.

मायोसिन फाइव्ह बी हा पेशीतला हमाल आहे. पेशीच्या आत तयार झालेला माल छोट्या पुड्यांत बांधलेला असतो, तो पाठीवर घेऊन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. हमाल कामावर नसला की माल गोदामातच पडून राहतो.

इथवरची गोष्ट माणसांची. माशाची गोष्ट वेगळ्याच वाटेने सुरू झाली होती.

जीवशास्त्रज्ञ महेंद्र सोनवणे यांनी जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे, नोबेल विजेत्या ख्रिस्तिआने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत झेब्रा माशाच्या कातडीवर काम केलं होतं. पुढे ते कुलाब्याच्या टाटा संस्थेत आले आणि तिथेही कातडीचाच प्रश्न हाती घेतला. माशाच्या पिल्लाची कातडी पहिल्या दिवसांत फक्त दोन थरांची असते. एका बिघडलेल्या वाणात तिच्या वरच्या थरातल्या पेशी पसरून सपाट राहण्याऐवजी लहान आणि गोलसर होत होत्या. त्या वाणाला नाव पडलं ‘गूजपिंपल्स’, म्हणजे आपल्या भाषेत अंगावर आलेला काटा. या माशात बिघडलेला जनुक कोणता, हे शोधलं तेव्हा तो मायोसिन फाइव्ह बीचाच निघाला. हमाल नाही म्हणून पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्याला लागणारा माल पोचत नाही, आणि पापुद्रा अपुरा पडला की पेशी आखडते. सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१४ साली ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये मांडलं. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेशी लहान झाल्या, तेव्हा कातडीने त्यांची संख्या वाढवून जागा भरून काढली. संख्या कमी केली, तेव्हा उरलेल्या पेशी मोठ्या होऊ लागल्या. दोन्ही वाटा बंद केल्या तेव्हा मात्र पिल्लं जास्त मरू लागली.

कातडीचा अभ्यास इथेच संपला असता. पण त्याच जनुकामुळे माणसाच्या बाळाचं आतडं निकामी होतं हे तोवर माहीत झालेलं होतं. तेव्हा प्रश्न साहजिक होता: या माशाचं पोट कसं आहे? जयदीप सिधये, सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांची आतडी तपासली. निरोगी माशाच्या आतड्यात घड्या असतात, या पिल्लांत त्या फार कमी होत्या. पेशींवरचे सूक्ष्म तंतू खुरटलेले होते. आणि पेशींच्या आत, रुग्ण बाळांमध्ये दिसतात तशाच, तंतूंच्या अडकलेल्या पिशव्या होत्या. २०१६ साली हा निबंध आला. कुलाब्याच्या टाकीतला दोन-चार मिलिमीटरचा जीव आणि अतिदक्षता विभागातलं बाळ, दोघांच्या आतड्याचं चित्र शेजारी ठेवावं इतकं सारखं.

इतक्या दूरच्या प्राण्यात इतकं साम्य कसं? २०१३ साली झेब्रा माशाची पूर्ण जनुकीय संहिता वाचून झाली. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा किमान एक जोडीदार माशात सापडला. ज्या मानवी जनुकांचा आजाराशी संबंध नोंदलेला आहे, त्यांत हे प्रमाण ८२ टक्के निघालं. साचे जुने आहेत, कारखाने तेवढे वेगळे.

आणि हा कारखाना काचेचा आहे. माशाच्या टाकीत १४ तास उजेड आणि १० तास अंधार ठेवतात, पाणी साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास. रात्री नर आणि मादीच्या मध्ये एक पडदा घालतात. सकाळी दिवा लागला की पडदा काढतात, आणि थोड्याच वेळात तळाशी अंडी पडू लागतात. एका मादीची शे-दोनशे. अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं. एका दिवसात हृदय धडधडायला लागतं, सूक्ष्मदर्शकाखाली ते ठोके मोजता येतात. दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येतं, पाचव्या दिवशी पोहायला लागतं. उंदराचा गर्भ असा डोळ्यांसमोर वाढताना पाहता येत नाही. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाची निवड केली ती याच गुणांसाठी, आणि १९८१ मधल्या त्यांच्या निबंधापासून जनुकशास्त्रात त्याची ओळख पक्की झाली.

दुर्मिळ आजाराच्या कुटुंबाला हा मासा नेमका कुठे उपयोगी पडतो, ते आता पाहू. आज बाळाच्या रक्तातून त्याची सगळी जनुकीय संहिता वाचता येते. अडचण वाचल्यानंतर सुरू होते. ती संहिता सुमारे तीन अब्ज अक्षरांची आहे, आणि प्रमाण संहितेशी ताडून पाहिली तर कुठल्याही निरोगी माणसात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. त्यातला बहुतेक निरुपद्रवी. संशयाच्या जागा गाळून गाळून दोन-चार उरतात, आणि अहवालात लिहून येतं: ‘महत्त्व अनिश्चित’. आईवडील तो कागद घेऊन घरी जातात. साच्यावर चरा आहे हे कळलं, पण तो सोंडेवर आहे की पाठीवर, हे कळत नाही.

त्यासाठी साच्यातून मूर्ती काढून बघायला हवी. ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीने माशाच्या अंड्यात तोच जनुक बिघडवतात. झेब्रा माशावर हे तंत्र २०१३ पासून वापरात आहे. पिल्लात आजारासारखी लक्षणं आली, तर पुढची पायरी. तसाच जनुक बिघडवलेल्या अंड्यात माणसाच्या निरोगी जनुकाचा आरएनए, म्हणजे साच्यावरून काढलेली नक्कल, सुईने सोडतात. पिल्लू सुधारलं, तर माणसाचा आणि माशाचा साचा एकच काम करतो हे ठरलं. मग रुग्णाच्या जनुकाचा आरएनए सोडून पाहतात. त्याने पिल्लू सुधारलं नाही, तर दोष त्या अक्षरात आहे असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. माणसाच्या आरएनएने मासा सुधारतो, हे २००५ साली फार देखण्या रीतीने दिसलं होतं. ‘गोल्डन’ नावाच्या वाणाचे पट्टे फिके असतात. त्याच्या अंड्यात माणसाच्या जोडीदार जनुकाचा आरएनए घातला आणि पिल्लांचा रंग गडद झाला. माणसाच्या कातडीच्या रंगाशी संबंधित एक महत्त्वाचा जनुक त्यातूनच हाती लागला.

अशी उत्तरं फक्त कागदावर राहत नाहीत. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, बिघडल्या होत्या. छातीत पाणी साठायचं, पाय सुजलेले, श्वासाला प्राणवायूचा आधार. त्याच्या जनुकांत ‘एराफ’ नावाच्या जनुकातला बदल सापडला. तो बदललेला जनुक झेब्रा माशात घातल्यावर माशाच्याही लसीकावाहिन्या फुगल्या, आणि त्या जनुकाच्या संदेशमार्गाला अटकाव करणारं औषध पाण्यात घातल्यावर त्या सावरल्या. त्याच जातीचं, कर्करोगासाठी आधीपासून वापरात असलेलं औषध मुलाला दिलं. त्याचा श्वास सुधारला, पायांची सूज उतरली. २०१९ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अवघड फेफऱ्याच्या आजारात तर २०१३ साली ३२० औषधं माशाच्या पिल्लांवर तपासून, ॲलर्जीवरचं एक जुनं औषध झटके कमी करतं असं आढळलं.

तरी माशावर भार किती टाकायचा, याचं भान हवं. त्याला फुप्फुसं नाहीत, गर्भाशय नाही. फार पूर्वी त्याच्या पूर्वजांत सगळी संहिताच दुप्पट झाली होती, म्हणून माणसाच्या एका जनुकाऐवजी काही वेळा त्याच्याकडे दोन असतात, आणि एक बंद पाडला तरी दुसरा काम सांभाळतो. जनुक तात्पुरता दाबण्याच्या जुन्या तंत्राने दिसलेले काही दोष, जनुक खरोखर मोडल्यावर दिसलेच नाहीत, हेही २०१५ च्या सुमारास उघड झालं. मायक्रोव्हिलसच्या आजारावर अजून औषध नाही. सोनवणे यांच्या गटाने एवढंच म्हटलं की औषधांचे रेणू शोधायला हे पिल्लू योग्य ठरेल. ते म्हणणं मला पटतं, आणि त्यासाठी लागणारा पैसा व वेळ आपल्या संस्थांना मिळायला हवा असं ठामपणे वाटतं. हजारात किंवा लाखात एक असे आजार सात-आठ हजार आहेत. एकेकटा आजार दुर्मिळ, पण अशा सगळ्या घरांची बेरीज केली तर ती दुर्मिळ राहत नाही.

औषध नसताना नुसतं कारण कळून काय होतं, असं विचारणारे असतात. पहिलं मूल गेलं, दुसरंही तसंच गेलं, की आपल्याकडे बोट सुनेकडे जातं. पांढऱ्या पायाची म्हणतात, गरोदरपणी काय खाल्लं म्हणून उलटतपासणी घेतात. दोष जनुकात आहे, तो दोन्ही घरांकडून निम्मा-निम्मा आला आहे, हे एका कागदावर लिहून मिळालं तर ते बोट खाली येतं. आणि पुढच्या गरोदरपणात तपासणी करून वेळेत निर्णय घेता येतो.

म्हणून ज्यांच्या घरी असं घडलं आहे त्यांना सांगणं आहे. बाळाचे कागद फेकू नका. बाळ दगावण्याच्या मार्गावर असेल, तर डॉक्टरांना त्याच्या रक्ताचा नमुना डीएनए तपासणीसाठी जपून ठेवायला सांगा. ही विनंती त्या घडीला जीवावर येते, पण नंतर ती करता येत नाही. पुढचं मूल होण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांबाबतचं राष्ट्रीय धोरण २०२१ साली आलं. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे, आणि धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. केईएमला जायचं तर जित्याहून गाडीने पनवेल, तिथून हार्बर लोकलने कुर्ला, आणि कुर्ल्याहून परळ.