जुन्या सायकलीची साखळी आणि तुळजापूरचा घाट

धाराशिव जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या जी उंच काळी सायकल वापरली गेली, तिला गिअर ठाऊक नाहींत. तिची साखळी जन्मभर एकाच रेषेंत फिरते. बाजूस वाकण्याचें तिला कारणच पडत नाहीं. सोलापुराहून येतांना तुळजापूरचा चढ लागला, कीं स्वारानें खालीं उतरावें व सायकल लोटीत न्यावी! म्हणून एखादा हौशी तरुण चुलत्यांची पांच गिअरांची जुनी सायकल माळ्यावरून काढतो, तिला नवी साखळी चढवितो. आणि ऐन घाटांत ती साखळी मोठ्या चक्रावर कांहीं केल्या जात नाहीं. अशा वेळीं तारेला दोष देण्याची रीत आहे. आमच्या मतें साखळीहि तपासावी.

मागील चक्रांखालीं दोन लहान चाक्यांची चौकट लोंबत असते. दांडी ओढली, कीं ती बाजूला सरकते, साखळी तिच्यामागें वाकते आणि शेजारच्या मोठ्या चक्राचा दाता तिला उचलून घेतो. साखळी अगदींच ताठ असेल, तर ती वाकावयास नाखूष. पण अति लवचिक असेल, तर चौकटीचा रेटा मधल्या कड्यांतच जिरतो व चक्राजवळची कडी जागची हालत नाहीं. जुन्या सायकलींत वरची चाकी चक्रांपासून बरीच दूर, म्हणजे जिरण्यास वावहि अधिक. शिवाय साखळी उचलून घेणाऱ्या खांचा १९८९ च्या सुमारास आल्या. त्यापूर्वींचे दाते साधे.

मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनें १८८० सालीं काढलेल्या साखळींत प्रत्येक खिळ्याभोंवतीं अखंड नळी असे. हल्लींच्या गिअरांच्या साखळींत ती नळी नसते; आंतल्या पट्ट्यांचे उचललेले कांठच तिचें काम करतात. त्यामुळें साखळी बाजूस सहज वाकते. नव्या खांचांच्या चक्रांवर हा गुण ठरतो, जुन्यांवर कधीं कधीं अडचण.

उपाय खर्चाचा नाहीं. जुन्या दांडीला टकटक थांबे नसतात. तेव्हां ती जरूरीपेक्षां किंचित् पुढें ओढावी आणि साखळी चढतांच मागें घ्यावी. हें चढ सुरू होण्यापूर्वीं, पाय हलके असतांना करावें.

झिजलेली साखळीहि अशीच सैल वाकते. नव्या साखळीचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर येतो. तो अर्धें सूत पुढें गेला, तर साखळी बदलावी. पुरें एक सूत गेला असेल, तर चक्रेंहि बहुधा झिजलेलीं असतात. आणि घरांतील वडीलधारे सांगतात त्याप्रमाणें रॉकेलानें धुणें ठीक. पण त्यानंतर तेल दिलेंच पाहिजे.